अप्पांची हळद आणि परमुलखातले कपाट

नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाटकासमोर, लिंबाच्या झाडाखाली, माझे टेबल आहे. मी पेशाने अर्जनवीस. या टेबलासमोर बसून माणसे रडतात, चिडतात, खोटे बोलतात आणि क्वचित प्रसंगी खरेही बोलतात. परंतु मी लिहिलेल्या मजकुरात खाडाखोड करण्याचे धाडस आजवर एकाच गृहस्थाने केले. त्यांचे नाव विरूपाक्षअप्पा. सर्व जण त्यांना नुसते अप्पा म्हणत, आणि यापुढे मीही तसेच म्हणेन.

अप्पा भोकरकडचे. घरची हळदीची शेती, आणि तरुणपणी जनावरांच्या बाजारात दलाली केलेली. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग आणि खांद्यावर एक उपरणे. त्या उपरण्याचा मूळ रंग कोणता होता हे सांगता येणार नाही. हळदीने तो प्रश्न कायमचा निकालात काढला होता. गावोगावच्या शेतकऱ्यांनी मिळून हळद उत्पादकांचा जो गट स्थापन केला होता, त्याचे ते अध्यक्ष होते आणि गटाचे गोदाम नव्या मोंढ्याजवळ, म्हणजे शेतमालाच्या बाजारपेठेजवळ, होते. मला ते 'अर्जीमास्तर' म्हणत. मी कधी शिक्षक नव्हतो, आणि माझे स्वतःचे शालेय शिक्षणही परिस्थितीमुळे अर्धवट राहिले. तथापि संबोधन यथोचित असल्यामुळे मी त्यास हरकत घेतली नाही.

अप्पांची एक रीत सर्व मोंढ्यात प्रसिद्ध होती. गोदामात भावाची बोलणी सुरू होण्यापूर्वी ते एक पितळी डबा फिरवीत. जमलेल्या प्रत्येकाने आपला मोबाइल त्या डब्यात टाकायचा. मग डब्याला झाकण लागे आणि डबा शेजारच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसे. मध्येच एखादा फोन वाजू लागला म्हणजे सबंध डबा गुणगुणू लागे, आणि ज्याचा फोन असेल तो माणूस बोलणी सोडून कासावीस होई. अप्पा म्हणत, "वाजू द्या. घरचं माणूस असंल तर परत करंल. परकं असंल तर त्याला आपलं ऐकायचं कारण न्हाई."

फोन ऐकतो, यावर त्यांची पक्की श्रद्धा होती. वाळलेले हळकुंड कानाजवळ धरून ते मोडत आणि निघालेल्या आवाजावरून माल किती वाळला आहे ते सांगत. ज्या माणसाला हळकुंडाचे ऐकू येते, त्याला फोन ऐकतो हे पटायला कितीसा वेळ लागणार?

या श्रद्धेमागे एक घटना होती. परदेशात हळद पाठवणाऱ्या एका बड्या कंपनीने शेतकऱ्यांना एक ॲप फुकट दिले होते. कोणत्या वावरात लागण केली, हळद कधी शिजवली, पॉलिश केली का, घरात किती पोती शिल्लक आहेत, हे सर्व त्यात भरायचे. बदल्यात हवामानाचा अंदाज आणि खताचा सल्ला मिळायचा. लोकांनी हौसेने भरले. त्या हंगामात कंपनीचा खरेदीदार अप्पांकडे आला, बसला, चहा प्याला, पावसापाण्याचे बोलला आणि भाव सांगून मोकळा झाला. बाकीचे खूश झाले, की माणूस मोठा सभ्य आहे, खोदून खोदून चौकशा करीत नाही. अप्पा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "अर्जीमास्तर, आजवर घेणारा आला की इचारायचा. किती हाय, कुणाकडं हाय, कवा काढता. ह्यानं एक सवाल केला न्हाई. घेणाऱ्यानं सवाल सोडला म्हणजे त्याला जवाब मालूम हाय."

मी त्यांना समजावून सांगितले की आधुनिक युगात माहितीचे दळणवळण वेगवान झालेले आहे. ते म्हणाले, वेगाचे ठीक आहे, पण दळण एकीकडचे आणि वळण दुसरीकडे असे का?

ॲपची परीक्षा घ्यायची असे मग अप्पांनी ठरवले. ते विष्णुपुरीला गेले, धरणाच्या काठावर उभे राहिले आणि फोनच्या नकाशावर बोट फिरवून ऐन जलाशयाच्या मधोमध आपले हळदीचे वावर आखून आले. ॲपने ते विनातक्रार स्वीकारले. काही दिवसांनी संदेश आला की आपल्या शेतातील ओलावा कमी झालेला असून त्वरित पाणी द्यावे. अप्पांनी तो संदेश मोंढ्यात इतक्या लोकांना दाखवला की अखेर लोकच त्यांना पाहून विचारू लागले, "अप्पा, धरणातल्या हळदीला पाणी दिलं का?" ते गंभीरपणे सांगत, "मोटर बंद हाय. लाइट आली की देतो."

इथवर सगळे हसण्यावारी होते. खरा पेच पुढच्या वर्षी आला. त्याच कंपनीने गटाला परदेशी जाणाऱ्या मालाची ऑर्डर देऊ केली. गटाची पहिलीच परदेशी ऑर्डर, आणि भाव मोंढ्यापेक्षा बराच चांगला. पण सोबत करार होता. गटाच्या सर्व सभासदांची सर्व माहिती कंपनीच्या यंत्रणेत कायम भरायची. कंपनीला विकलेल्या मालाचीच नव्हे, तर घरात राहिलेल्या आणि दुसऱ्यांना विकलेल्या मालाचीही. ती माहिती साठवली जाणार होती परदेशातल्या संगणकात आणि तिच्यावर मालकी राहणार होती कंपनीची.

करार घेऊन आलेला अधिकारी निखिल नावाचा तरुण होता. लातूरचा रहिवासी, विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला, बोलायला मऊ. अप्पांनी प्रथम त्याचे आजोळ विचारले, ते उदगीरकडचे निघताच कानडीत दोन वाक्ये टाकली, आणि त्याला एकही शब्द न कळल्याचे पाहून मराठीवर परतले. मग त्यांनी विचारले की ही माहिती ठेवायचे कपाट नेमके कुठे आहे. निखिलने एका देशाचे नाव सांगितले. अप्पांनी विचारले, किल्ली कोणाकडे? तो म्हणाला, कंपनीकडे. इथपर्यंत अप्पा मान हलवीत होते. नंतर त्यांनी विचारले, "आन् भांडण झालं तर तारीख कुठं पडंल?"

हा प्रश्न कायद्याचा असल्यामुळे मीच करार हाती घेतला आणि संबंधित कलम निखिलकडून मराठीत करवून घेतले. वादाचा निवाडा त्या परदेशातल्याच न्यायालयात, तिथल्याच कायद्याने व्हायचा होता.

"मला भोकरच्या कोर्टात जायला दोन आटो बदलावे लागतात," अप्पा म्हणाले.

त्याच आठवड्यात अप्पांनी माझ्याकडून दिल्लीला अर्ज करवला. माझ्या कारकिर्दीतील तो एक महत्त्वाचा अर्ज होय. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की," असा प्रारंभ करून मी राष्ट्राची सार्वभौमता, कृषिमालाची साखळी आणि अर्जदाराचे वय यांचा एकाच वाक्यात समावेश केला होता. अप्पांनी ते वाक्य ऐकून घेतले व म्हणाले, "एवढं लांब एका गाडीत बसायचं न्हाई. दोन खेपा करा." मग त्यांनी स्वतः सांगितले आणि मी लिहिले: आमची हळद परदेशी जाऊ द्या. तिच्यासोबत तिचा दाखला जाऊ द्या. पण कोणाच्या घरात किती हळद आहे, ही माहिती देशाबाहेर जायची तर आम्हाला विचारून जावी, आणि तिच्याबद्दल भांडण झाले तर ते इथे व्हावे, कारण हळद इथली आहे.

मी खाली "आपला आज्ञाधारक" लिहिले. त्यांनी 'आज्ञाधारक' खोडून 'शेतकरी' केले.

अर्जाचे उत्तर आले, की आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आला आहे. तो वर्ग होत होत टेलिफोनच्या विभागापर्यंत पोहोचला असावा. कारण एके दिवशी अप्पांच्या गावी एक इसम आला आणि टॉवरची काय तक्रार आहे म्हणून विचारू लागला. अप्पांनी त्याला गरम भाकरी आणि ठेचा वाढला, तक्रार नाही असे न सांगता टॉवर दाखवला, आणि त्याने तो दुरुस्त केला. गावात प्रथमच सगळीकडे रेंज आली. अप्पा मला म्हणाले, "तुमच्या अर्जात लई ताकद हाय मास्तर. फकस्त निशाणा धरत न्हाई."

परंतु अर्जाने करार थांबत नव्हता, आणि कंपनीने दिलेली मुदत जवळ येत होती. गटाची बैठक बोलावण्यात आली. येथे रुक्मिणबाईंचा परिचय करून देणे आवश्यक आहे. त्या गटाच्या सचिव, स्वतःची शेती स्वतः पाहणाऱ्या आणि अप्पांना सर्वांसमक्ष खोडून काढणाऱ्या एकमेव सभासद. ऑर्डर घ्यावी असे त्यांचे ठाम मत होते. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्या म्हणाल्या की आजवर आपली हळद दुसऱ्याच्या नावाने परदेशी गेली. आता आपल्या नावाने जायची वेळ आली आहे तर तुम्ही कपाटाची चौकशी करून राहिलात. बहुतेक सभासद त्यांच्या बाजूचे होते. निखिलही बैठकीस हजर होता, आणि त्याचा फोन इतरांच्या फोनांबरोबर पितळी डब्यात गेलेला होता.

अप्पांनी भाषण केले नाही. त्यांनी निखिलला समोर पोत्यावर बसवले आणि खांद्यावरचे उपरणे दोघांच्या हातांवर टाकले. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा कापडाखाली एकमेकांची बोटे धरतात, दाबतात, सोडतात. बाजूला शंभर माणसे उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. अप्पांनी निखिलला कोणते बोट कशासाठी ते शिकवले. मग रुक्मिणबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या हळदीचा सौदा मी तुमच्या वतीनं करतो. त्याच्या आधी तुम्ही एवढं करा. घरात किती पोती हायत, कमीत कमी कितीला देणार आन् पैशाची नड कवा हाय, ते साहेबांच्या कानात सांगून या."

रुक्मिणबाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "कानात कामून सांगू? आधी सांगितल्यावर मग सौदा कशाचा राहिला?"

अप्पा नुसते उपरण्याखाली निखिलचा हात धरून बसून राहिले. गोदामात हळूहळू हशा सुरू झाला, आणि सगळ्यांत शेवटी, तोंडाला पदर लावून, रुक्मिणबाई हसल्या. निखिलने आपला हात सोडवून घेतला नाही, याची मी नोंद घेतली. तो म्हणाला, "अप्पा, मी हे वर सांगून बघतो. पण ते ऐकतील असं वाटत नाही."

रुक्मिणबाई हसल्या म्हणजे हरल्या असे कोणी समजू नये. त्यांनी लगेच विचारले, "तुमचं पटलं मला. पण ऑर्डर गेली तर? वरीसभर हळद कोण सांभाळून ठेवणार? पटलेलं खाता येत न्हाई अप्पा."

अप्पांनी उपरणे झटकून पुन्हा खांद्यावर टाकले. त्यांनी सांगितले की विकलेल्या मालाचे वावर, तपासणी, पॉलिशची तारीख, सगळे कंपनीला द्यावे. घरातल्या मालाचे देऊ नये. गटाचे स्वतःचे कपाट गोदामात असावे. कंपनीने हे मानले तर उत्तम. "न्हाई मानलं आन् ऑर्डर गेली, तर मी खुर्ची सोडतो. जबान दिली."

कंपनीने मानले नाही. ऑर्डर गेली, शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या गटाला मिळाली.

दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्या टेबलाशी आले आणि राजीनामा लिहायला सांगितला. आयुष्यात मी पुष्कळांचे राजीनामे लिहिले. ते देणारे बहुधा प्रकृतीचे कारण सांगतात. मी तसेच लिहू लागताच अप्पांनी थांबवले. म्हणाले, "प्रकृती ठणठणीत हाय. ऑर्डर गेली म्हणून जातो, असंच लिहा." खुर्ची त्यांनी रुक्मिणबाईंना दिली. ती देताना पितळी डबाही दिला, आणि जाताना आपला स्वतःचा फोन त्यातून काढून घ्यायला विसरले. तो आणायला त्यांना परत यावे लागले आणि त्यावरून रुक्मिणबाईंनी त्यांना जे ऐकवले, ते त्यांनी खाली मान घालून, गालात हसत ऐकून घेतले.

ते वर्ष गटाला जड गेले हे मान्य केले पाहिजे. मोंढ्यातच माल विकावा लागला आणि काही सभासदांनी अप्पांना रस्त्यात टाळले. अप्पा त्यांना टाळत नसत. समोरून येणाऱ्याने वाट बदलली की तेही त्याच वाटेने वळत आणि त्याला गाठून चहा पाजत. याच वर्षात रुक्मिणबाईंनी एक गोष्ट केली. अप्पांशी भांडणारी ही बाई अप्पांच्याच म्हणण्यानुसार गोदामात गटाचा संगणक बसवून मोकळी झाली. कोणी कारण विचारले तर त्या म्हणत, "म्हातारा बरोबर होता म्हणून बसवला न्हाई. त्याच्यापायी एवढं सोसलं, ते वाया कामून घालवू?"

पुढच्या हंगामापूर्वी निखिलचा फोन आला. त्याने ती नोकरी सोडली होती. त्याने दुसऱ्या एका परदेशी खरेदीदाराची माहिती दिली. हा खरेदीदार लहान होता, पण त्याला फक्त घेतलेल्या मालाची माहिती हवी होती. बाकीच्याशी त्याला कर्तव्य नव्हते, आणि वाद झाल्यास नांदेडच्या न्यायालयात यायला त्याची ना नव्हती. ते कलम मी स्वतः वाचले, आणि त्यातील विरामचिन्हांत किरकोळ सुधारणा सुचवल्या. करार झाला. गटाच्या संगणकाची व्यवस्था निखिलने लावून दिली.

पहिला ट्रक भरला त्या दिवशी अप्पांना मुद्दाम बोलावणे पाठवले होते. त्या सुमारास ते लातूरला लेकीकडे राहायला निघाले होते. अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, डोळ्यांवर तिथे उपचार चालू होते आणि अक्का आधीच तिकडे होत्या. गोदामापुढे ट्रकला हार घातला होता. नारळ अप्पांनी फोडावा असे सर्वांचे म्हणणे पडले. अप्पांनी नारळ रुक्मिणबाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "अध्यक्षानं फोडायचा असतो. मी पाशिंजर हाय." आम्हाला ती थट्टा वाटली. पण त्यांनी खरोखरच आपली पिशवी उचलली आणि ड्रायव्हर खाजाभाईंना विचारले, "लातूरवरून जाता ना? मला सोडा." खाजाभाईंनी हात देऊन त्यांना वर ओढले. बंदराकडे निघालेल्या आमच्या पहिल्या हळदीवर, केबिनमध्ये, उपरणे सावरीत अप्पा बसले आणि ट्रक फाटकाबाहेर पडला. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. ते खाजाभाईंना काहीतरी सांगण्यात गुंतले होते.

आम्ही सगळे, निखिलसुद्धा, संगणकाच्या खोलीत आलो. पडद्यावर नकाशा होता आणि ट्रकच्या जागी एक लाल ठिपका. गावोगावची माणसे खुर्च्या ओढून त्या ठिपक्यासमोर बसली. ठिपका लोह्याला पोहोचला, तेव्हा चहा आला. अहमदपूर ओलांडून तो थोडा पुढे गेला, आणि थांबला. पहिल्यांदा कोणी मनावर घेतले नाही. मग वेळ जाऊ लागला तशी कुजबूज सुरू झाली. कोणी टायर म्हणाले, कोणी पोलीस म्हणाले. रुक्मिणबाईंनी अप्पांना फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"अप्पा, गाडी कामून थांबली?"

पलीकडे कढईत काहीतरी तळल्याचा आवाज येत होता. अप्पा म्हणाले, "तुम्हाला कसं मालूम?"

"नकाशावर दिसून राहिलं."

अप्पांनी विचारले, "तिकडं परमुलखातबी दिसतंय का?"

रुक्मिणबाईंनी निखिलकडे पाहिले. निखिल फोनकडे वाकून म्हणाला, "नाही अप्पा. माल बंदरावर पोचेपर्यंत फक्त आपल्यालाच दिसतं. इथं, गोदामात."

"फकस्त आपल्याला?"

"हाव," रुक्मिणबाई म्हणाल्या.

"मग बघा निवांत," अप्पा म्हणाले. "भजे लई गरम हायत. खाऊनच निघतो."

फोन बंद झाला. कोणी उठून गेले नाही. लाल ठिपका अहमदपूरच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, चांगला बराच वेळ उभा होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत होतो. मग तो हलला, आणि लातूरच्या दिशेने चालू लागला.